दोरीच्या बाजूने

माशेलात मला सगळे पडदेमामा म्हणतात.
देवळाच्या मांडवात बत्तीस वर्षं दोर ओढला,
तोंडाला रंग एकदाही नाही.

साईशची आई आली मार्च संपता संपता.
फोंड्यात संगीत नाटकाचं शिबिर आहे म्हणाली,
आधी निवड. तीन मिनिटं गाणं, एक छोटा प्रवेश.
मुलांना जरा तयार करा.
मी म्हटलं, बाई, मला सा कुठे राहतो तेही ठाऊक नाही.
ती म्हणाली, गाण्याला बुवा आहेत.
तुम्ही भीतीचं बघा.

तर तिन्हीसांजेला माझ्या सोप्यावर तिघं.
साईश वेळीप, तेरावं लागलेला, आवाज फुटू लागलेला.
मंथनी, जिला सगळ्यांची वाक्यं पाठ
फक्त स्वतःची सोडून.
आणि चर्चमागची जॉस्लिन,
मराठी पद रोमीत उतरवून आणते वहीत
आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर
दो, रे, मी ठेवते नीट मोजून,
जसे तिची आजी टोपलीत काजूचे बोंडू.

माझ्याकडे होतं ते दिलं.
गळा सुकला तर जिभेचं टोक हळूच चावा.
पाय कुठे ठेवू असं झालं तर
जमिनीवर ठेवा, दुसरी जागा नाही.
शब्द विसरलात तर खाली शोधू नका.
ती जमीन मीच झाडत आलोय,
पिना सापडल्या, अर्धी मिशी,
एकदा सोन्याचं डूल.
शब्द एकही नाही.

आणि चुकलात तर दोन मोजा.
एक. दोन. मग पुढे.
तुम्हाला ते अख्खं वर्ष वाटेल,
समोरच्यांना वाटेल, श्वास घेतला.

हे कुठे शिकलात, मंथनीने विचारलं.
विंगेत, म्हटलं.
तो मुलगा सांगितला नाही
जो राजपुत्राच्या कपड्यात, दुसऱ्या कडव्यावर अडकला होता
आणि मी दया येऊन पडदा टाकला.
मला वाटलं वाचवला.
डिचोलीत त्याचं रंगांचं दुकान आहे आता.
भेटला की बोलतो छान,
नाटकाचं सोडून सगळं.

फोंड्याला शाळेचा हॉल, छातीवर नंबरांच्या चिठ्ठ्या,
आया पदराने मुलांच्या नाकावरची पावडर सारख्या करतायत.
जॉस्लिन गाऊन आली आणि म्हणाली,
पेटी किंचित चढी होती, मी सांभाळून घेतलं.
मंथनीने आपल्या प्रवेशात
समोरच्या पात्राची वाक्यंही म्हणून टाकली.

मग साईश.
पहिली ओळ सरळ गेली,
दुसरीच्या चढावर आवाज टरकला
जुन्या चादरीसारखा, मधोमध.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला, दोराकडे.
तिथे स्विचबोर्ड होता.

एक.
दोन.
(मीच मोजत होतो. त्याने बहुतेक तीन मोजले.)
मग काळी चारवरून उतरून
कुठल्यातरी खालच्या सुरात,
जिथे त्याचं अजून बिऱ्हाडही लागलं नव्हतं,
तो पुढे गाऊ लागला,
आणि पेटीवाल्याने मान वर न करता
बोटं खाली नेली.

यादी शुक्रवारी लागणार.
परतीच्या बसमध्ये मिरची भजी, तेलकट कागद,
मंथनीला अचानक तिचं सगळं आठवलेलं, अगदी स्वल्पविरामासकट.
जॉस्लिनच्या मते बसचा हॉर्न फा आहे, थोडा उतरलेला.
साईश खिडकीला डोकं टेकून
नव्या आवाजात हळूच काहीतरी बोलून बघत होता,
दुसऱ्याची चप्पल घालून बघावी तसं.

मग म्हणाला, मामा, तुम्ही कधी गायलात?

मी म्हटलं, उठा उठा, माशेल आलं.

अजून कुंडईही आली नव्हती.